वसंतातील कालव्याकाठची सायकल : परतीच्या वाटेची तयारी

इंग्लंडच्या पश्चिम भागात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ अशी ये-जा सायकलने करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही यादी आहे. मार्च ते मे या काळात तयारीला एकच कसोटी लावावी, ती म्हणजे संध्याकाळी परतताना हवा कशी असू शकेल याची. घरातून निघताना दिसणाऱ्या हवेवर अजिबात विसंबू नये. सकाळी तीन-चार अंश, दुपारी चौदा-पंधरा अंश, चारच्या सुमारास गारांची एखादी सर आणि तिच्या पाठोपाठ लख्ख ऊन, हे सारे एप्रिलच्या एकाच दिवसात घडू शकते. आपल्याकडे जूनमध्ये काढलेला रेनकोट पावसाळा संपेपर्यंत दाराशी टांगलेला असतो. येथे तो दिवसातून तीनदा चढवून तीनदा उतरवावा लागतो, म्हणून तो जाड असण्यापेक्षा घडी करून पिशवीच्या कोपऱ्यात बसणारा असावा.

वाट केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाची आहे. जॉन रेनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधलेला हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला, पुढे रेल्वेमुळे ओस पडला आणि दुरुस्त होऊन १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेला त्याचा टोपाथ, म्हणजे काठाची पायवाट, आज राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ४ चा भाग आहे. दोन्ही गावांमधील अंतर सुमारे सोळा किलोमीटर असून, दोन्ही टोकांची लॉक (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दारांची कुंडे) सोडली तर मधला सारा पट्टा एकाच पातळीवर आहे. त्यामुळे चढाची चिंता करू नये. चिंता करावी ती पृष्ठभागाची. दाबून बसवलेली बारीक खडी पावसात राखाडी चिखल होते आणि तो चिखल चेनवर, ब्रेकवर आणि पाठीवर उडतो.

म्हणून सायकलीची तयारी टायरपासून करावी. रस्त्यावरच्या शर्यतीचे अरुंद टायर येथे उपयोगाचे नाहीत. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे, पंक्चररोधक थर असलेले टायर घ्यावेत आणि हवा टणक होईपर्यंत भरू नये. या थराचे महत्त्व वसंताच्या तोंडाशी विशेष असते. इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेताच्या कुंपणझाडांची छाटणी करण्यास मनाई आहे, त्यामुळे उरलेली छाटणी फेब्रुवारीत उरकली जाते आणि हॉथॉर्न व ब्लॅकथॉर्नच्या काटेरी काटक्या गावरस्त्यांवर पडून राहतात. ब्लॅकथॉर्नचा काटा सुईसारखा सरळ आत जातो, तेथेच मोडतो आणि बाहेरून दिसतही नाही. अशा वेळी नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतल्या बाजूने बोटाचे टोक अगदी सावकाश, पूर्ण वर्तुळभर फिरवावे. काळसर ठिपक्याएवढे टोक बोटाला खुपले की ते चिमट्याने ओढून काढावे. हे न केल्यास नवी ट्यूबही पुढच्या पुलापर्यंतच टिकते. एक सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, छोटा चिमटा, ॲलन कीचा जुडगा आणि हातपंप एवढे सामान आसनाखालच्या पिशवीत कायम असावे. गार पडलेल्या बोटांनी टायर चढवणे फार अवघड जाते, म्हणून हातमोज्यांचा कोरडा जोड याच सामानात धरावा.

मडगार्ड पूर्ण लांबीचे आणि पुढच्याला खाली रबरी पट्टी असलेले हवेत. अर्धे मडगार्ड केवळ दिखाव्याचे ठरतात. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबरी शू दाबणारे) असतील तर त्यांच्या शूमध्ये खडीचे कण रुततात आणि रिम खरवडत राहतात, म्हणून दर आठवड्याला ते कण टोकदार वस्तूने काढावेत व शू किती झिजले ते पाहावे. माझ्या मते रोज जाणाऱ्याने डिस्क ब्रेकची सायकल घेणे केव्हाही बरे. चेन रोज फडक्याने पुसावी, तेल जपून आणि आतल्या बाजूने घालावे, आणि जोराच्या पाण्याने सायकल धुण्याचा मोह टाळावा, कारण ते पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

बेल मात्र उत्तम हवी. या वाटेवर पहिला मान पादचाऱ्याचा असतो, आणि दूरवरूनच दोनदा हलकी बेल वाजवून वेग कमी करण्याची येथे पद्धत आहे. काठाला बांधलेल्या नॅरोबोटींचे (कालव्यातल्या लांब, अरुंद बोटींचे) दोर, खुंटे, टपावरून उतरवलेली लाकडे आणि त्यांच्या मालकांची कुत्री यांमुळेही वेग माफक ठेवावा लागतो. खरी काळजी दगडी पुलांखाली घ्यावी. तेथे वाट अरुंद होते, कमानीचा उतार डोक्याकडे झुकतो आणि सायकल नकळत पाण्याच्या बाजूला सरकते. शिवाय पलीकडून येणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पाऊस असेल तर उतरून चालत जावे. बहुतेक पुलांवर क्रमांकाची पाटी असते. तो क्रमांक जाता जाता वाचण्याची सवय ठेवावी, कारण ९९९ वर मदत मागताना शेतांच्या मधोमध आपण कोठे आहोत हे सांगण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

एप्रिल-मे हे हंसांच्या घरट्यांचे दिवस. नर वाटेवर येऊन फुत्कारू लागला तर उतरावे, सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी आणि घाई न करता पुढे जावे.

टोपाथ दुरुस्तीसाठी बंद असला की गावरस्त्यांवर जावे लागते, म्हणून कालव्याची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना आदल्या रात्रीच पाहाव्यात. पांढऱ्या वर्तुळावर काळी तिरकी पट्टी असलेली पाटी दिसली की त्या अरुंद रस्त्यावरही मोटारींना ताशी ६० मैलांची मुभा असते, हे लक्षात ठेवून आंधळ्या वळणावर कडेला चिकटून न राहता थोडे मध्ये यावे, म्हणजे मागचा चालक अविचाराने पुढे घुसत नाही. सूर्यास्तानंतर पुढे पांढरा व मागे लाल दिवा कायद्याने आवश्यक आहे. मार्चच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो आणि घड्याळे पुढे जातात ती थेट महिन्याच्या शेवटच्या रविवारी. तोवर परतीचा प्रवास अंधारातच धरावा. सकाळी उगवता सूर्य आपल्या पाठीशी असला, तर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर तो येत असतो, म्हणून दिवे तेव्हाही चालू ठेवावेत.

कपड्यांत जीन्स टाळावी. भिजली की दिवसभर वाळत नाही. आत लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारे जाकीट आणि पिशवीत मोज्यांचा जादा जोड पुरतो. पावसाची झूल (सैल पोंचो) एरवी सोयीची असली, तरी डंडस जलसेतूवर, जेथे कालवा नदी आणि रेल्वे या दोन्हींच्या वरून जातो, तेथे दरीतला आडवा वारा तिच्यात भरतो आणि सायकल हेलकावते. तेथे जाकीटच बरे. आसनावर घालायला हॉटेलात मिळणारी, डोके झाकायची प्लास्टिकची टोपी ठेवावी. दिसायला हास्यास्पद, पण कोरड्या आसनावर बसल्यावर कोणी हसत नाही.

कचेरीत एक विजार, बूट आणि छोटा टॉवेल कायम ठेवावा. निघण्यापूर्वी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पावसाचा रडार नकाशा पाहावा. सर अर्ध्या तासाची असेल तर थांबावे, संततधार असेल तर आगगाडी धरावी. फ्रेशफर्ड आणि एव्हनक्लिफ ही स्थानके कालव्यापासून जवळ आहेत, परंतु एव्हनक्लिफला गाडी मागणीनुसार थांबते, म्हणून चढायचे असल्यास फलाटावर स्पष्ट दिसेल असे उभे राहून हात दाखवावा. आणि गाडीत सायकलींसाठी जागा मोजकीच असल्याने गर्दीच्या वेळेआधीची गाडी गाठावी.