विश्वकर्मा प्रशिक्षण झालं, भत्ता आला नाही: माझा अनुभव

आई डिचोलीत कुंभारकाम करते. कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेतलं प्राथमिक प्रशिक्षण तिने पूर्ण केलं, प्रमाणपत्रही मिळालं. पण रोजचा 500 रुपये भत्ता खात्यात पडेना. पासबुक भरून घेतलं, केवायसी पुन्हा केलं, आयएफएससी तीनदा तपासला. प्रत्येक वेळी उत्तर एकच: "तुमचं आधार जोडलेलं आहे." दोन महिने या खेपांत गेले.

गोम अशी की खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैशांसाठी आधार सीडिंग (आधारवर येणारे पैसे कोणत्या बँकेत जावेत याची नोंद) वेगळं. पैसे खाते क्रमांकावर नव्हे, तर आधार क्रमांकावर पाठवले असतील, तर एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार जुळवणारी संस्था) ज्या बँकेची नोंद आहे तिथेच ते जातात. आईची नोंद एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याच्या बँकेवर होती.

मग हे केलं. आधी मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं. जुन्या बँकेचं नाव तिथेच दिसलं. नंतर सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत आईला घेऊन गेलो (सही तिचीच लागते) आणि 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात) असं स्पष्ट सांगून अर्ज मागितला. त्यात दुसऱ्या बँकेतून नोंद इकडे हलवण्याचा पर्याय असतो. तोच निवडून जुन्या बँकेचं नाव लिहिलं. पोच घेतली. ती मात्र सोडू नका.

चार दिवसांनी स्टेटसमध्ये नवी बँक, 'अॅक्टिव्ह'. मग प्रशिक्षण केंद्राला कळवून भत्ता पुन्हा पाठवायला सांगितलं. तो आला.