गेटर आहे, तरी प्रॉपर्टी सापडत नाही? या चुका टाळा

जेएसपीवर, म्हणजे जावाच्या वेबपानावर, ‘प्रॉपर्टी नॉट फाउंड’ आलं की आपण आधी गेटर (प्रॉपर्टीची किंमत परत देणारी ‘गेट’वाली मेथड) बघतो. तो असतो, पब्लिकही असतो. मग ‘गेट’नंतरच्या नावातली पहिली दोन अक्षरं बघा.

मुळात एक्स्प्रेशन लँग्वेज (जेएसपीत प्रॉपर्टी वाचायची छोटी भाषा) क्लासमधल्या प्रायव्हेट फील्डकडे ढुंकूनही बघत नाही. ती मेथडच्या नावातलं ‘गेट’ काढते आणि उरलेल्याचं पहिलं अक्षर स्मॉल करते. पण पहिली दोन्ही अक्षरं कॅपिटल असतील तर नाव जसंच्या तसं ठेवते. बीन म्हणजे गेटर-सेटर असलेला साधा जावा ऑब्जेक्ट; त्याचे नियम ठरवणाऱ्या १९९७ च्या जावाबीन्स स्पेसिफिकेशनमधला हा नियम. ‘यूआरएल’सारखी नावं विद्रूप होऊ नयेत म्हणून केलेला.

माझा अर्धा दिवस खाल्ला तो ‘ईमेल’ने. फील्डमध्ये ई स्मॉल, एम कॅपिटल. सेटर (किंमत भरणारी मेथड) हाताने लिहिला, ‘सेट’नंतरचा ई कॅपिटल केला. झाली दोन कॅपिटल शेजारी! प्रॉपर्टीचं नाव आता कॅपिटल ई-ने सुरू होतं आणि फॉर्ममधल्या इनपुटचं स्मॉलने. फॉर्ममधल्या किमती बीनमध्ये भरणाऱ्या सेट-प्रॉपर्टी टॅगमध्ये स्टार, म्हणजे ‘जुळेल ते सगळं भर’, दिला होता. तो न जुळणारे पॅरामीटर मुकाट्याने सोडून देतो. एरर नाही, लॉग नाही, बीनमध्ये फक्त नल, म्हणजे रिकामं. शेवटी अख्खा शब्द स्मॉल केला. एकाच स्मॉल अक्षरानंतर कॅपिटल येईल असं नाव ठेवूच नये, हे माझं मत तेव्हापासूनचं.

ठेवलंच असेल, तर गेटर आपोआप लिहून देताना एक्लिप्स हा एडिटर ‘गेट’नंतरचं ते अक्षर स्मॉलच ठेवतं. दिसायला विचित्र, पण बरोबर आहे, ‘सुधारू’ नका. गेटर-सेटर आपोआप बनवणारी लोम्बोक ही लायब्ररी मात्र ते कॅपिटल करते. आवृत्ती १.१८.२४ पासून कॉन्फिग फाइलमध्ये बीन-स्पेकची सेटिंग मिळते, ती लावा.

ऑब्जेक्टचं जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी फॉरमॅट) बनवणाऱ्या जॅक्सनची तऱ्हा तिसरीच. तो सुरुवातीची सगळी कॅपिटल अक्षरं स्मॉल करतो. म्हणजे ‘गेटयूआरएल’मधला यूआरएल जेएसपीत कॅपिटल, जेसनमध्ये स्मॉल. तिथे जेसन-प्रॉपर्टी अ‍ॅनोटेशनने (कोडवर लावायच्या खुणेने) नाव स्पष्ट लिहा.

‘इज’ने सुरू होणारा गेटर प्रिमिटिव्ह बूलियनलाच (स्मॉल बी-चा साधा खरं-खोटं प्रकार) चालतो, रॅपर (कॅपिटल बी-चा बूलियन क्लास) असेल तर ‘गेट’च हवं. आणि ‘इजअ‍ॅक्टिव्ह’ मेथडची प्रॉपर्टी नुसती ‘अ‍ॅक्टिव्ह’ असते.

तरी अडलात तर इन्ट्रोस्पेक्टर या, बीनच्या प्रॉपर्टी शोधणाऱ्या जावाच्या क्लासच्या गेट-बीन-इन्फो मेथडला क्लास द्या आणि प्रॉपर्टी डिस्क्रिप्टरची नावं छापा. यादीत ‘क्लास’ नावाची जास्तीची प्रॉपर्टी दिसेल. ती सगळ्या क्लासचा मूळ क्लास असलेल्या ‘ऑब्जेक्ट’च्या गेटक्लासमुळे येते, तिला सोडून द्या.