चौकटीत लपलेली संख्या शोधायला मुलांना कसे शिकवावे

दुसरीतल्या मुलाला ५ + ३ = □ हे उदाहरण दिले, तर तो चटकन आठ लिहितो. त्याच मुलाला □ − ५ = ८ असे दिले, की पुष्कळदा चौकटीत ३ येतात. ठाण्यात आमच्या इमारतीतील पहिली ते चौथीची काही मुले संध्याकाळी गृहपाठ घेऊन माझ्याकडे येतात, आणि ‘चौकटीत योग्य संख्या लिहा’ या सूचनेखाली हीच चूक मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. मुलाला ५ दिसतात, ८ दिसतात, वजाबाकीचे चिन्ह दिसते. मग तो आठातून पाच वजा करतो आणि मोकळा होतो. हा निष्काळजीपणा नव्हे. उदाहरण म्हणजे संख्या उचलून चिन्हाप्रमाणे क्रिया करणे, हेच त्याला आजवर शिकवले गेलेले असते, आणि त्या शिकवणीप्रमाणे तो प्रामाणिकपणे वागलेला असतो.

म्हणून चौकटीची उदाहरणे शिकवताना क्रियेपासून सुरुवात करू नये. या वाक्यात पूर्ण काय आहे आणि त्याचे भाग कोणते, हे मुलाला आधी दिसले पाहिजे.

पहिली पायरी : वाटीखालचे चिंचोके

दहा चिंचोके आणि एक अपारदर्शक वाटी घ्यावी. चिंचोके नसतील तर राजमा किंवा शर्टाची बटणेही चालतात. मुलाने स्वतः मोजून दहाची खात्री करावी, मग डोळे मिटावेत. आपण चार चिंचोके वाटीखाली लपवावेत, सहा बाहेर ठेवावेत आणि विचारावे, “वाटीखाली किती?” मुलाने उत्तर सांगावे आणि मगच वाटी उचलून पाहावे. उत्तर चुकले तर आपण काही बोलण्याची गरज राहत नाही, कारण ते वाटीनेच सांगितलेले असते. पहिलीतल्या मुलासाठी पाच चिंचोक्यांनी सुरुवात करावी, आणि पाच जमल्यावरच दहाकडे जावे.

तीन-चार दिवस हा खेळ तोंडीच ठेवावा. त्यानंतर कागदावर ६ + □ = १० असे लिहावे आणि सांगावे की ही चौकट म्हणजे आपली वाटी. मला हे एक वाक्य फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे चौकट ही ‘उत्तर लिहायची जागा’ न राहता ‘काहीतरी झाकलेली जागा’ होते. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच या दहाच्या जोड्या याच काळात पाढ्यांइतक्या पक्क्या करून घ्याव्यात. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर त्या लागतात.

दुसरी पायरी : ‘बरोबर’ या शब्दाचा अर्थ

मराठीत आपण = हे चिन्ह ‘बरोबर’ असे वाचतो. मुलाच्या कानावर हाच शब्द दिवसभर दुसऱ्या अर्थाने पडत असतो: उत्तर बरोबर, गणित बरोबर, वहीत बरोबरची खूण. त्यामुळे = आले की त्यापुढे ‘बरोबर उत्तर’ लिहायचे, अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा ‘बरोबरी’तला बरोबर आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्याने मुद्दाम निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या एकसारख्या दुसऱ्या दोन वस्तू असू शकत नाहीत असे त्याचे म्हणणे होते. मुलांना ही हकिकत आवडते आणि लक्षातही राहते. काही आठवडे तरी हे चिन्ह ‘दोन्हीकडे सारखेच’ असे मोठ्याने वाचायची सवय लावावी.

तराजू दाखवता आला तर फार चांगले. ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या बाजारात गेलात आणि एखाद्या विक्रेत्याकडे दोन पारड्यांचा तराजू दिसला, तर मुलाला तेथे दोन मिनिटे उभे करावे. तसा न मिळाल्यास घरी कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन कागदी पेले टांगावेत. पेल्यांत एकाच पाकिटातली सारखी बटणे घालावीत. नाणी वापरायची असतील तर एकाच प्रकारची घ्यावीत. एक रुपयाची जुनी आणि नवी नाणी वजनाला सारखी नसतात, आणि पाचाचे एक नाणे रुपयाच्या पाच नाण्यांइतके जड नसते, त्यामुळे मूल उगाच गोंधळते.

एका पेल्यात सात आणि दुसऱ्यात चार बटणे घालून विचारावे, “सारखे व्हायला आणखी किती?” मुलाने घातलेली बटणे मोजून ७ = ४ + □ असे लिहावे. येथे चौकट उजवीकडे आणि पूर्ण संख्या डावीकडे आहे, याकडे लक्ष द्यावे. ज्या मुलाने कायम डावीकडे बेरीज आणि उजवीकडे उत्तर असेच पाहिलेले असते, त्याला ७ = ४ + ३ हे वाक्य उलटे किंवा चुकीचे वाटते. ५ + २ = ४ + ३ किंवा नुसते ७ = ७ अशी वाक्ये देऊन खरे की खोटे विचारावे.

समज पक्की झाली की नाही, हे पाहण्यासाठी ८ + ४ = □ + ५ हे उदाहरण द्यावे. गणित-शिक्षणाच्या अभ्यासांत हे उदाहरण प्रसिद्ध आहे, कारण त्यात बहुसंख्य मुले १२ किंवा १७ लिहितात. बारा लिहिणाऱ्याने चौकटीपुढचे पाच पाहिलेलेच नसतात; सतरा लिहिणाऱ्याने दिसेल ते सगळे मिळवलेले असते. उत्तर ७ आहे हे सांगण्याची घाई करू नये. हँगर हातात द्यावा, एका पेल्यात आठ आणि चार, दुसऱ्यात पाच बटणे घालू द्यावीत, आणि थांबावे.

तिसरी पायरी : गोष्ट सांगणे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा.

□ − ५ = ८ हे वाक्य मुलासमोर नुसते ठेवण्याऐवजी त्याची गोष्ट सांगावी: ठाण्याहून गाडी सुटली तेव्हा डब्यात काही माणसे होती, ऐरोलीला पाच उतरली, आता आठ उरली. मग पहिला प्रश्न ‘उत्तर किती?’ असा न विचारता, “आधी माणसे जास्त होती की आता?” असा विचारावा. मूल ‘आधी’ म्हणते. या एका प्रश्नानंतर चौकटीत ३ लिहिणारी मुले मी फारच थोडी पाहिली आहेत, कारण आठापेक्षा मोठी संख्या हवी हे मुलाने आता स्वतःच सांगितलेले असते.

याच डब्याच्या आणखी दोन गोष्टी होतात. तेरा माणसे होती, काही उतरली, आठ उरली: १३ − □ = ८. तेरा होती, पाच उतरली: १३ − ५ = □. तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून मुलाला विचारावे की प्रत्येक वेळी काय झाकले आहे. मग एक लांब पट्टी काढून तिच्यात १३ लिहावे, आणि तिच्याच खाली तेवढ्याच लांबीची, पण ५ आणि ८ अशा दोन तुकड्यांची पट्टी काढावी. वरची पट्टी पूर्ण, खालचे तुकडे भाग. पूर्ण झाकले असेल तर भाग मिळवायचे. एखादा भाग झाकला असेल तर पूर्णातून दुसरा भाग वजा करायचा. बेरजेच्या वाक्यात पूर्ण संख्या एकटी असते, वजाबाकीत ती सर्वांत आधी येते. चिन्ह वजाबाकीचे असूनही □ − ५ = ८ येथे बेरीज का करायची, याचे उत्तर पट्टीत दिसते.

घरातील मोठी माणसे अनेकदा या टप्प्यावर एक सोपी युक्ती म्हणून सांगतात, “बाजू बदलली की चिन्ह बदलते.” कृपया हे लहान वयात सांगू नये. मूल हा नियम १३ − □ = ८ ला लावते, आठ पलीकडून उचलते, चिन्ह बदलून तेरात मिळवते आणि २१ लिहिते. तेरा माणसांच्या डब्यातून एकवीस उतरली, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण तोपर्यंत गोष्ट हरवून नियम तेवढा उरलेला असतो. हा नियम बीजगणितात योग्य वेळी येईल, आणि तोपर्यंत पट्टी समजलेली असेल तर तो मुलाला आपोआप पटेल.

चौथी पायरी : रेषेवरच्या उड्या

ठाणे ते वाशी हा लोकलचा मार्ग संख्यारेषेसाठी उत्तम आहे. ठाणे शून्यावर ठेवावे. मग दिघा गाव १, ऐरोली २, रबाळे ३, घणसोली ४, कोपरखैरणे ५, तुर्भे ६, सानपाडा ७ आणि वाशी ८. आता ३ + □ = ८ म्हणजे रबाळ्याहून वाशीला जायला किती स्थानके पुढे जायचे. पुष्कळ मुले रबाळे हेच ‘एक’ धरतात आणि सहा सांगतात. बोट रबाळ्यावर ठेवून, गाडी हलल्यावरच ‘एक’ म्हणायचे, एवढे ठरवून दिले की ही चूक जाते. उड्या मोजायच्या, ठिपके नव्हे. (दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, त्यापूर्वी वाशी सातवे होते, मोठ्या मुलांना ‘तेव्हाचे’ उदाहरण नव्याने लिहायला सांगता येते.)

दोन अंकी संख्यांसाठी सुट्टे पैसे परत देणाऱ्या दुकानदाराची पद्धत वापरावी. ३७ + □ = ५० येथे सदतिसाला तीन दिले की चाळीस, आणखी दहा दिले की पन्नास; म्हणून तेरा. हातच्याची वजाबाकी न करता उत्तर मिळते, आणि दहाच्या जोड्या येथे उपयोगी पडतात. आपल्या संख्यानामांतही अशी एक झाकलेली संख्या आहे: एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी. २९ + □ = ३० चे उत्तर नावातच आहे हे कळल्यावर मुलांना त्या नावांची भीती उरत नाही.

पाचवी पायरी : गुणाकार आणि भागाकार

पाढे येत असतील तर येथे फार वेळ लागत नाही. □ × ४ = २४ साठी चारचा पाढा चोविसापर्यंत म्हणावा: चार सक चोवीस, म्हणून सहा. भागाकारात पुन्हा पूर्ण आणि भाग आठवावेत. □ ÷ ४ = ६ मध्ये पूर्ण झाकले आहे, म्हणून गुणायचे; २४ ÷ □ = ६ मध्ये पूर्ण समोर आहे, म्हणून भागायचे. वजाबाकीतल्या दोन गोष्टींचीच ही भावंडे आहेत. उलट्या दिशेने जाताना गुणाकाराचा भागाकार होतो आणि बेरजेची वजाबाकी, हा नियम आर्यभटाने ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या आर्यभटीयात दिलेला आहे. चौथीतल्या मुलाला तो दोन क्रियांच्या उदाहरणातून दाखवावा: एका संख्येला ३ ने गुणले, ४ मिळवले, १९ आले. मागे चालत जावे: १९ मधून ४ गेले १५, पंधराला तिनाने भागले ५.

शून्याची चौकट मात्र शेवटी ठेवावी. ० × □ = ० येथे कोणतीही संख्या चालते आणि ० × □ = ५ येथे एकही चालत नाही; मुलाने हे स्वतः करून पाहिल्यावरच बोलावे.

दररोजचा पडताळा

प्रत्येक उदाहरणानंतर मुलाने मिळालेली संख्या चौकटीत लिहून पूर्ण वाक्य मोठ्याने वाचावे: “तेरा वजा पाच, दोन्हीकडे सारखेच, आठ.” चुकीचे वाक्य वाचताना मूल बहुधा स्वतःच अडखळते, आणि तेच आपल्याला हवे असते. लाल रेघ मारण्याऐवजी “वाचून दाखव बरं” एवढेच म्हणावे. दिवसाला पाच-सहा उदाहरणे आणि दहा-पंधरा मिनिटे पुरतात; चौकटीची जागा मात्र दरवेळी बदलावी, नाहीतर मूल चौकट न वाचता सवयीने तीच क्रिया करू लागते. एखाद्या पायरीवर आठवडा लागला तरी लागू द्यावा.

हे सारे जमू लागले की □ + △ = १० असे दोन रिकाम्या जागांचे वाक्य द्यावे आणि जितकी सापडतील तितकी उत्तरे क्रमाने लिहायला सांगावीत. अकरा उत्तरे आहेत, पण बहुतेक मुले नऊ लिहून थांबतात. शून्य आणि दहा, दहा आणि शून्य या दोन जोड्या सांगून टाकू नयेत, दहा चिंचोके पुन्हा मांडावेत, सगळे बाहेर ठेवून रिकामी वाटी पालथी घालावी आणि विचारावे, “आता वाटीखाली किती?”