होम थिएटर रिसीव्हरवर सराउंड मोड कसे लावावेत: आधी सिग्नल, मग मोड

रिसीव्हर म्हणजे टीव्ही, प्लेअरकडून आवाज घेऊन तो स्पीकरना वाटणारा खोका. त्याच्या रिमोटवर मूव्ही, म्युझिक, गेम, प्युअर अशी बटणं असतात आणि प्रत्येकाच्या पोटात पाच-सात मोड. नवा संच घरी आला की सगळे जण ती दाबून बघतात, ज्यात चहूकडून दणदणीत आवाज येतो तो मोड ‘भारी’ ठरतो आणि पुढे वर्षानुवर्षं तोच चालू राहतो. बरेचदा तो ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ निघतो. त्यात डावा-उजवा तोच आवाज सगळ्या स्पीकरना वाटून दिलेला असतो, त्याला सराउंड, म्हणजे प्रत्येक स्पीकरला त्याचा वेगळा आवाज, म्हणताच येत नाही. पात्र पडद्यावर बोलतं आणि संवाद सोफ्याच्या मागूनही ऐकू येतो.

मोड निवडणं हे शेवटचं काम आहे. त्याआधी रिसीव्हरपर्यंत कुठला सिग्नल पोचतोय आणि आपल्याकडे कुठले स्पीकर आहेत हे त्याला नीट कळलंय का, या दोन गोष्टी बघायच्या. त्या जमल्या की मोडचा प्रश्न पाच मिनिटांचा उरतो.

स्पीकर कुठे ठेवायचे

पुण्यातल्या सोसायट्यांमधला नेहमीचा हॉल दहा बाय पंधरा फुटांच्या आसपास, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला बाल्कनीचा सरकता दरवाजा. अशा खोलीत ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर, पुरेसं आहे. ७.१ मधले मागचे दोन स्पीकर बसण्याच्या जागेच्या मागे लागतात. तिथे जागाच नसेल तर दुकानदार कितीही आग्रह करो, ते पैसे सबवूफरवर घाला.

पुढचे दोन स्पीकर बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर ठेवावेत. सराउंड स्पीकर बाजूला किंवा किंचित मागे, ९० ते ११० अंशांत. साध्या ५.१ मध्ये ते बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा एक-दोन फूट वर असावेत. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका. कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली असेल तर त्याचं तोंड कानांच्या दिशेने थोडं वर करा. ‘डायलॉग कळत नाहीत’ या तक्रारीचं मूळ अनेकदा या कप्प्यातच सापडतं.

वायर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मीटरवर कापून मिळते. घरगुती अंतरांना तेवढी जाडी पुरते. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एखाद्याच स्पीकरची टोकं उलटी लागली तर आवाज येतो, पण बास पोकळ होतो आणि मधोमध यायला हवा तो आवाज विस्कटतो. वायरचा एखादा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, म्हणून टोकं पिळून घट्ट करा.

सिग्नल रिसीव्हरपर्यंत पोचवा

घोटाळा बहुतेक वेळा इथेच असतो. जोडणी दोन प्रकारे होते. सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, गेमिंग कन्सोल थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला आणि रिसीव्हरमधून एक केबल टीव्हीला, हा पहिला आणि शक्य असेल तर चांगला मार्ग. दुसऱ्यात सगळं टीव्हीला जोडलेलं असतं आणि आवाज टीव्हीकडून एआरसीने (त्याच एचडीएमआय केबलमधून आवाज उलट पाठवण्याची सोय, ईएआरसी ही तिची नवी आवृत्ती) रिसीव्हरकडे परत येतो. टीव्हीतलीच अ‍ॅप वापरणाऱ्यांना दुसरा मार्ग लागतोच.

१. एआरसीसाठी टीव्हीवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलंच एचडीएमआय पोर्ट वापरा. रिसीव्हरकडची केबल ‘मॉनिटर आउट’ किंवा ‘एचडीएमआय आउट’ला जाते, इनपुटला नाही.

२. दोन्हीकडे एचडीएमआय कंट्रोल, म्हणजे सीईसी, चालू करा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. ते बंद असेल तर साधं एआरसी बहुधा चालत नाही.

३. टीव्हीच्या साउंड मेनूत ‘डिजिटल साउंड आउटपुट’ बघा. तिथे पीसीएम (आधीच उलगडलेला साधा डिजिटल आवाज) निवडलेलं असेल तर साध्या एआरसीवरून फक्त दोन चॅनल येतात, मग सिनेमा अ‍ॅटमॉसचा (डॉल्बीचा, डोक्यावरूनही आवाज देणारा प्रकार) का असेना. ‘पास थ्रू’ निवडा, तो पर्याय नसेल तर ‘ऑटो’.

४. फायर स्टिकवर ‘डिस्प्ले अँड साउंड्स’मधल्या ऑडिओत सराउंड साउंड ‘बेस्ट अव्हेलेबल’ ठेवा. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्टिरिओऐवजी डॉल्बी निवडा. तरी पुष्कळ वाहिन्या मुळातच दोन चॅनलमध्ये येतात, तो बॉक्सचा दोष नाही.

५. ब्लू-रे प्लेअर असेल तर ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’वर (म्हणजे आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे) आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद. ते चालू राहिलं की डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी या डिस्कवरच्या उच्च दर्जाच्या आवाजाचा मूळ सिग्नल बाहेरच पडत नाही.

एआरसी आणि ईएआरसीतला फरक लक्षात असलेला बरा. एआरसीवरून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातं, ओटीटीचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसवरच स्वार होऊन येतं, त्यामुळे सिनेमे बघण्यापुरतं एआरसी चालतं. ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि आठ चॅनलपर्यंतचं पीसीएम यांना ईएआरसी लागतं. जुन्या ऑप्टिकल केबलवरून दोन चॅनलचं पीसीएम किंवा ५.१ चं डॉल्बी डिजिटल, डीटीएस एवढंच जातं. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस हवं असेल तर प्रीमियम प्लॅन लागतो. तो नसेल तर सेटिंगमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता सिनेमाच्या नावापाशी ५.१ किंवा अ‍ॅटमॉस लिहिलेलं काहीतरी लावा आणि रिसीव्हरच्या रिमोटवरचं ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ बटण दाबा. आत येणारे चॅनल दिसतील: एल (डावा), सी (सेंटर), आर (उजवा), एसएल आणि एसआर (डावा-उजवा सराउंड), एलएफई (सबवूफरचा बास). फक्त एल आणि आर दिसत असतील तर मोड बदलून उपयोग नाही, पुन्हा तिसऱ्या पायरीवर या. सहाही दिसत असतील पण ‘डॉल्बी’ऐवजी ‘मल्टी चॅनल पीसीएम’ दिसत असेल तर काळजी नको. आवाज उलगडण्याचं काम प्लेअरने आधीच केलंय, एवढाच त्याचा अर्थ.

स्पीकरची ओळख आणि मायक्रोफोन

खोक्यातला मायक्रोफोन बाहेर काढा. डेनॉन-मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, अशी प्रत्येकाची वेगळी मोजणी असते, पण पद्धत एकच. माइक मुख्य बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, शक्यतो कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर. हातात धरायचा नाही, सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही. एकापेक्षा जास्त जागा मागितल्या तर पहिलीच मोजणी मुख्य जागेची, बाकीच्या तिच्यापासून दोन फुटांच्या आत.

मोजणीच्या वेळी पंखा, एसी बंद, खिडक्या बंद. कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याची हाळी दोन्ही माइकला ऐकू येतात. नदीपात्राजवळ राहणाऱ्यांनी गणपतीच्या आधीचे आठवडे संध्याकाळची वेळ टाळावी, ढोल-ताशा पथकांच्या सरावात सबवूफरची मोजणी होणार नाही. सबवूफरचं व्हॉल्यूम मध्यावर, त्याच्यावरचं क्रॉसओव्हर बटण (कुठल्या पट्टीखालचा बास सबला जाईल ते ठरवणारं) टोकापर्यंत किंवा ‘एलएफई’वर, फेज शून्यावर ठेवून सुरू करा.

मोजणी संपली की मेनू उघडून चार गोष्टी तपासा.

स्पीकरचा आकार: पुढचे उंच स्पीकर रिसीव्हर बऱ्याचदा ‘लार्ज’ ठरवतो. सबवूफर असेल तर सगळे ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. छोट्या सॅटेलाइट स्पीकरना रिसीव्हरने ११० किंवा १२० दिलं असेल तर ते खाली आणू नका. त्या स्पीकरना त्याखालचं झेपत नाही म्हणूनच ते दिलेलं असतं. वाढवायला हरकत नाही.

सबवूफर मोड: ‘एलएफई प्लस मेन’ नको, फक्त ‘एलएफई’. पहिल्यात तोच बास पुढच्या स्पीकरमधून आणि सबमधून असा दोनदा येतो आणि आवाज घुमतो.

सबचं अंतर: टेपने मोजलं तर नऊ फूट आणि रिसीव्हर म्हणतो चौदा. ते बदलू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला होणारा उशीर त्यात धरलेला आहे.

सबची पातळी: उणे १२ किंवा अधिक १२ अशी टोकाला गेली असेल तर सबवरचं व्हॉल्यूम अनुक्रमे कमी किंवा जास्त करून मोजणी पुन्हा घ्या. टोकाचा आकडा म्हणजे रिसीव्हरला हवं तेवढं बदलता आलेलं नाही.

विट्रिफाइड टाइल्स आणि मोकळ्या भिंती असलेल्या हॉलमध्ये कुठलीही मोजणी प्रतिध्वनी पुसू शकत नाही. सोफ्यासमोर जाड सतरंजी आणि सरकत्या दरवाजाला जाड पडदा, एवढ्याने संवाद जितके स्पष्ट होतील तितके कुठल्याच मोडने होणार नाहीत.

आता मोड

सिनेमा, मालिका, सिग्नल ५.१ किंवा अ‍ॅटमॉस: आलेला सिग्नल आहे तसा उलगडणारा मोड लावा. डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल प्लस’, ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ किंवा ‘डीटीएस’ असं सिग्नलचंच नाव दिसतं. यामाहावर हे ‘स्ट्रेट’, सोनीवर ‘ए.एफ.डी.’. ज्यांनी आवाज मिसळला त्यांनी पाऊस कुठे आणि पावलं कुठे हे ठरवून ठेवलेलं असतं, त्यावर आपण हॉल किंवा स्टेडियमचा घुमारा चढवू नये. छतावर किंवा वर आवाज फेकणारे स्पीकर असतील आणि सिग्नल साधा ५.१ असेल तर मात्र त्यावर ‘डॉल्बी सराउंड’ हा कमी चॅनलचा आवाज जास्त स्पीकरमध्ये पसरवणारा मोड लावा, नाहीतर ते स्पीकर गप्प राहतील.

दोन चॅनलचा कार्यक्रम, टीव्ही, क्रिकेट: इथे ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘डीटीएस न्यूरल एक्स’ खरोखर कामाचे. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज ते सेंटरला देतात आणि उरलेल्यातला काही मागे. गहुंजे स्टेडियमवरचा सामना लावला की समालोचक पडद्यावर राहतो आणि प्रेक्षकांचा गलका बाजूंना सरकतो. न्यूरल एक्स जरा जास्त आक्रमक आहे. क्रिकेटला आणि गेमला तो शोभतो, मालिकांना डॉल्बी सराउंडच बरा. काही रिसीव्हर डॉल्बी सिग्नलवर न्यूरल एक्स निवडू देत नाहीत, ते बिघडलेले नसतात.

संगीत: ‘स्टिरिओ’. जुनं नाट्यसंगीत, भावगीतं, मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं पुष्कळदा मोनो असतात, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे अगदी एकच आवाज. त्यावर डॉल्बी सराउंड लावलं की सगळं गाणं एकट्या सेंटर स्पीकरमध्ये जाऊन बसतं आणि ‘बाकीचे स्पीकर बंद पडले’ असं वाटतं. गाणी सराउंडमध्ये ऐकायचीच असतील तर डॉल्बी सराउंडमधला ‘सेंटर स्प्रेड’ चालू करा, मग गायकाचा आवाज पुढच्या तिन्ही स्पीकरमध्ये पसरतो.

‘डायरेक्ट’ आणि ‘प्युअर डायरेक्ट’ ही नावं शुद्ध वाटतात म्हणून लोक तीच वापरतात. त्यात माइकने केलेली खोलीची दुरुस्ती बंद होते आणि काही रिसीव्हरवर सबवूफरही. आपल्या टाइल्सच्या हॉलमध्ये त्याने सहसा नुकसानच होतं. ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ घरी सत्यनारायण किंवा बारसं असेल आणि सगळ्या खोलीभर गाणी हवी असतील तेव्हा लावा.

बहुतेक रिसीव्हर प्रत्येक इनपुटला शेवटचा मोड लक्षात ठेवतात. त्यामुळे टीव्ही, फायर स्टिक, ब्लूटूथ असं एकेक इनपुट लावून मोड एकदा ठरवून टाकला की रोज रिमोट हाती घ्यावा लागत नाही.

रात्री दहानंतर

‘नाइट मोड’, ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ चालू केलं की स्फोट दबतात, कुजबुज वर येते. सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. बास मात्र स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो, त्यासाठी सबची पातळी तीन-चार डेसिबल कमी आणि सबखाली जाड रबरी पॅड. ऑडिसीचं ‘डायनॅमिक ईक्यू’ कमी आवाजात बास आणि सराउंड उचलून धरतं. सिनेमाला ते ठीक, पण टीव्ही आणि गाण्यांसाठी त्यातला ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ १० किंवा १५ डेसिबलवर न्या, नाहीतर सगळंच फुगलेलं वाटतं.

अडलं तर

ओठ आणि आवाज जुळत नाहीत: आवाज आधी येत असेल तर रिसीव्हरमधला ‘ऑडिओ डिले’ थोडा थोडा वाढवत न्या. आवाज उशिरा येत असेल तर रिसीव्हर बहुधा काही करू शकत नाही. टीव्हीतला डिजिटल आउटपुट डिले शून्यावर आणा आणि उपकरण थेट रिसीव्हरला जोडून बघा.

सराउंड स्पीकर अगदी गप्प: आधी रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा. टोन ऐकू आला तर वायर ठीक आहे, दोष सिग्नलमध्ये किंवा मोडमध्ये. टोनही नसेल तर वायर आणि ‘स्पीकर कॉन्फिग’ बघा, तिथे सराउंड ‘नन’ झालेले असतात.

सबमधून सतत गुणगुण: डिशची किंवा केबलवाल्याची कोअ‍ॅक्सियल वायर सेट-टॉप बॉक्सच्या मागून काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा फेरा तिथून येतोय. टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर आणि सब एकाच सॉकेटवरच्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर कोअ‍ॅक्सियल वायरवर ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा, डिशसाठी घेताना तो एलएनबीला (छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या भागाला) जाणारी वीज पुढे जाऊ देणारा आहे ना हे विचारून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने गुणगुण जाते आणि शॉक लागण्याची सोय होते.