उंदरांमध्ये अॅलर्जीचा आयजीई दबवण्यासाठी: आधी पाजणे, मग टोचणे

आयजीई हा अॅलर्जी घडवणारा प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थाविरुद्ध शरीराने बनवलेले प्रथिन. तो बनू नये म्हणून त्या पदार्थाबाबत सहनशीलता, म्हणजे प्रतिसाद न देण्याची स्थिती, निर्माण करण्याचा एक जुना मार्ग तोंडावाटे जातो. १९११ साली वेल्स यांनी गिनीपिगांना अंड्यातील प्रथिने खाऊ घालून तो दाखवला होता. येथे बॅल्ब-सी या प्रयोगशाळेतील उंदरांच्या जातीच्या माद्या आणि ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातील मुख्य प्रथिन) गृहीत धरले आहे.

संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हाती आल्यावर प्रथम खाद्याची घटकयादी वाचावी. खाद्यात अंडे असेल तर तुलनेचा गटही नकळत सहनशील झालेला असतो, आणि मग प्रयोगाला अर्थ उरत नाही.

प्रायोगिक गटाला रोज १ मिलिग्रॅम ओव्हाल्ब्युमिन ०.२ मिलिलिटर सलाइनमध्ये सलग ५ दिवस पाजावे. तुलनेच्या गटाला नुसते सलाइन पाजावे. उंदराच्या मानेमागची कातडी घट्ट धरून गोल टोकाची सुई तोंडाच्या कडेने आत न्यावी. ती जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. अडली तर ढकलू नये, बाहेर काढून पुन्हा घालावी. एकदाच २० ते २५ मिलिग्रॅम पाजूनही सहनशीलता येते, मात्र तेव्हा टी-पेशी (प्रतिकाराला चालना देणाऱ्या पांढऱ्या पेशी) निष्क्रिय किंवा नष्ट होण्यावर भर असतो, तर लहान मात्रांनी प्रतिसाद दाबणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात.

आठवडाभराने दोन्ही गटांना १० मायक्रोग्रॅम ओव्हाल्ब्युमिन २ मिलिग्रॅम अॅलममध्ये (प्रतिसाद वाढवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या क्षारात) मिसळून पोटाच्या पोकळीत टोचावे, १४ दिवसांनी पुन्हा टोचावे आणि त्यानंतर आठवड्याने रक्त घ्यावे.

खरी फसगत मोजणीत होते. एलायझा या प्रतिपिंड मोजण्याच्या चाचणीच्या प्लेटवर थेट ओव्हाल्ब्युमिन लावले, तर रक्तद्रवात कित्येक पटींनी जास्त असलेला आयजीजी हा दुसरा प्रतिपिंड ओव्हाल्ब्युमिनवरच्या जागा अडवतो आणि आयजीई खोटाच कमी दिसतो. म्हणून प्लेटवर उंदराच्या आयजीईविरुद्धचा प्रतिपिंड लावावा, त्यावर रक्तद्रव घालावा आणि शेवटी मोजता येणारी खूण म्हणून बायोटिन जोडलेले ओव्हाल्ब्युमिन वापरावे.

आयजीईची घट फक्त ओव्हाल्ब्युमिनपुरतीच आहे हे दाखवण्यासाठी ओव्हाल्ब्युमिन पाजलेल्या आणखी काही उंदरांना दुसरेच प्रतिजन (प्रतिपिंड बनवायला लावणारा पदार्थ), उदाहरणार्थ हिमोसायनिन हे मृदुकाय प्राण्यांच्या रक्तातील प्रथिन, टोचावे; त्यांचा प्रतिसाद सलाइन पाजलेल्यांइतकाच आला पाहिजे. दोन्ही प्रतिजने एकाच मिश्रणात टोचू नयेत, कारण नियामक पेशी शेजारचा प्रतिसादही दाबतात.

हा क्रम उलटा करता येत नाही. टोचल्यामुळे आधीच संवेदित (अॅलर्जी) झालेल्या उंदरांत पाजण्याचा परिणाम क्षीण असतो, आणि मोठ्या मात्रा वारंवार दिल्यास त्यांना अॅलर्जीचे जुलाब होऊ शकतात.