तळणीचे तेल आणि जुने डिझेल इंजिन: पाना कमी, चाळणी जास्त

डिझेल इंजिन खाद्यतेलावर चालते यात नवल नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. इंजिनाला तेल चालते. चालत नाही ते तेलातले पाणी, मीठ, जळके पीठ आणि तेलाचा घट्टपणा. म्हणून वापरलेल्या तळणीच्या तेलावर जुने इंजिन चालवायचे तर निम्म्याहून जास्त काम इंजिनाजवळ नाही, तेल गाळायच्या ड्रमजवळ होते.

घट्टपणाचा हिशेब आधी समजून घ्या. ४० अंशांना डिझेलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) २ ते ४.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचे माप) असते, खाद्यतेलाची ३० ते ४०. सोलापूरचा मे म्हणजे ४२-४३ अंश, तेव्हा एवढ्या उन्हात तेल आपोआप पातळ होईल असे वाटते. होत नाही. त्या उन्हातही ते डिझेलच्या दहापट घट्टच असते आणि नोझलमधून (सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या तोटीतून) फवारा न उडता धार पडते. धार नीट जळत नाही. तिचा कोळसा नोझलच्या तोंडाशी आणि पिस्टनच्या रिंगांत बसतो. तेल ७० ते ८० अंशांवर नेले तरच ते फवाऱ्यापुरते पातळ होते.

कोणते इंजिन चालेल

कॉमन रेल इंजिनाचे, म्हणजे नव्या गाड्यांतल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचे, नाव काढू नका. तिथे हजार-दीड हजार बारच्या पुढचे प्रेशर, केसाएवढी छिद्रे आणि सेन्सर असतात. बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत त्यावर सायलेन्सरमधला फिल्टरही येतो. एका चुकीचा खर्च वर्षभराच्या डिझेलपेक्षा जास्त. योग्य ते जुने, मेकॅनिकल पंपाचे इंजिन. त्यातही ज्यात डिझेल आधी छोट्या कोठीत जळते ते इनडायरेक्ट इंजेक्शनवाले, म्हणजे प्यूजो इंजिनाची जुनी महिंद्रा जीप किंवा कमी आरपीएमचे लिस्टर पद्धतीचे विहिरीवरचे इंजिन, जास्त माफ करते. इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, असलेला) लावलेला जुना टेम्पोही चालतो, पण डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये) असल्याने त्याला तेल पूर्ण गरमच लागते. सीएव्ही कंपनीचा रोटरी (फिरत्या शाफ्टचा) डिझेल पंप असेल तर थांबा. तो पंप इंधनानेच वंगण घेतो आणि थंड घट्ट तेल ओढताना त्याचा शाफ्ट तुटू शकतो.

कागदाची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही, आणि इंधनाचा प्रकार आरसीवर असतो. आरटीओत लेखी विचारल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. आमचा सल्ला असा की पहिला प्रयोग शेतातल्या पंपाच्या इंजिनावर करावा. बांधावर बंद पडले तर ढकलायला तरी लागत नाही.

तेल कुठले घ्यायचे

तेलातले टोटल पोलर कंपाउंड (पुन्हा पुन्हा तापवून तेलात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरायचे नाही, हा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम १ जुलै २०१८ पासून आहे. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून उरलेले अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचे असते. त्यामुळे मोठ्या फरसाण कारखान्याचे तेल सहसा बांधलेले असते. तुमच्या वाट्याला येते ते सोलापुरातल्या सात रस्ता, पार्क चौक भागातल्या भजी-वड्याच्या गाड्यांचे आणि छोट्या खानावळींचे. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेत तेल भरपूर निघते, पण तेव्हा थंडी असते आणि त्यातले पामतेल डब्यातच थिजते.

पामतेल थिजते, पण लवकर चिकट होत नाही. करडई आणि सूर्यफुलाचे उलटे: थंडीत पातळ राहते, पण हवा आणि उष्णता लागली की वार्निशसारखे वाळते. हे दोन्ही महिनोन्‌महिने साठवू नका. शेंगदाणा मधला आणि बरा, फक्त गाड्यांवर तो शुद्ध मिळणे कठीण. मांसाहारी तळणीच्या तेलात चरबी मिसळलेली असते. ते सुरुवातीला टाळा. काळे कुळकुळीत, नाकाला झोंबणारे, फेसाळणारे तेल फुकट मिळाले तरी नको.

गाळणे

आधी कोमट तेल स्टीलच्या चाळणीतून आणि मग जुन्या सुती धोतराच्या कापडातून २०० लिटरच्या ड्रममध्ये ओता. ड्रमला तोटी बुडापासून १५ सेंटिमीटर वर बसवा, बुडाला गाळ काढायला वेगळा कॉक. ड्रम बाहेरून काळा रंगवून गच्चीवर ठेवला तर मार्च ते मे गॅसचा खर्च वाचतो. उन्हाळ्यात दोन आठवडे, थंडीत चार आठवडे हलवू नका. पाणी, मीठ आणि पीठ खाली बसते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके. फरसाणाच्या तेलातले मीठ तेलात विरघळत नाही, पाण्याच्या थेंबांत असते. पाणी गेले की मीठही जाते. राहिले तर पंपाच्या प्लंजरला गंज धरतो.

पाण्याची परीक्षा सोपी. छोट्या कोरड्या कढईत दोन चमचे तेल टाकून जोरात तापवा. तडतडले किंवा बारीक बुडबुडे आले तर पाणी आहे. मग सगळे तेल ६० अंशांपर्यंत तापवा, आच बंद करून एक दिवस ठेवा, बुडाचे पाणी काढा आणि पुन्हा परीक्षा घ्या. पाणी उडवायला ड्रम थेट १०० अंशांच्या वर तापवू नका. तळाशी साचलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळते तेल बाहेर उसळते.

शेवटी फिल्टर बॅग: २५ मायक्रॉन, मग ५, मग १. पंप लावून दाबू नका, तेल वजनानेच उतरू द्या. दाबले की कण कापडातून पार होतात. शेवटची बॅग तेल थंड असताना लावा. गरम गाळलेल्या तेलात चरबी विरघळलेली राहते आणि रात्री गाडीच्या फिल्टरमध्ये थिजते. वेळ लागतो, लागू द्या.

आंबटपणाही मोजा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर नाही. दुसऱ्या भांड्यात १० मिलिलिटर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि चिमूटभर हळद. त्यात सोड्याचे पाणी थेंबथेंब टाकून रंग जरासा लालसर होऊ द्या, मग १ मिलिलिटर तेल टाका. रंग पुन्हा पिवळा होईल. आता सिरिंजने सोड्याचे पाणी टाकत जा. लालसर रंग दहा-पंधरा सेकंद टिकला की आकडा वाचा. ३ मिलिलिटरपर्यंत तेल चांगले, ५ च्या पुढे गेले तर परत करा.

दोन टाक्यांची जोडणी

इंजिन सुरू डिझेलवर, बंदही डिझेलवर, मधे तेल. तेलाची टाकी स्टेनलेस स्टीलची घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको, कारण जस्त आणि तेलातले आम्ल मिळून साबण होतो. तांबे आणि पितळही नको, त्याने तेल लवकर चिकट होते. दुकानदार तांब्याची कॉइल स्वस्त म्हणून पुढे करेल.

टाकीतून येणारी नळी १० ते १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची हवी. बारीक नळीतून घट्ट तेल ओढताना जोडातून हवा शिरते आणि इंजिन एअर घेते. साधे रबर फुगते. गरम भागात व्हिटॉनची (तेल-उष्णता सोसणाऱ्या खास रबराची) नळी वापरा. तेलाला वेगळा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि तो इंजिनाजवळ, उबेत ठेवा. फिल्टर आणि पंपाच्या मधे २०-३० पट्ट्यांचा प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्याने तेल तापवणारा डबा. त्यात इंजिनाच्या हेडवरून गरम पाणी आत आणि वॉटर पंपाच्या आतल्या बाजूला परत. थर्मोस्टॅट (इंजिनाचे पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेले असेल, उन्हाळ्यात बरेच मिस्त्री काढतात, तर आधी बसवा. नाहीतर पाणी पुरेसे तापणारच नाही.

डिझेल आणि तेल बदलायला १२ व्होल्टचे सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारे) व्हॉल्व्ह, एक जाणाऱ्या बाजूला आणि एक रिटर्नला, म्हणजे उरलेले इंधन टाकीत परत नेणाऱ्या नळीला. रिटर्नकडे दुर्लक्ष झाले तर पंपाने परत पाठवलेले तेल डिझेलच्या टाकीत जाते आणि महिनाभराने सकाळी गाडी सुरू होत नाही. पंपाच्या तोंडाशी तापमानाचा काटा बसवा, अंदाजावर चालवू नका.

विहिरीवरच्या इंजिनाला एवढे लागत नाही. उंचावर दोन टाक्या, एक थ्री-वे कॉक आणि बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यावर बसवलेला एक्स्चेंजर पुरतो. मात्र पाणी विहिरीचे थेट फिरत असेल तर ते फारसे तापत नाही; प्रवाह कॉकने कमी करा.

चालवताना

काटा ७० ला पोचला आणि इंजिनावर भार असला की तेलावर बदला. भार नसताना, आयडलवर, तेलावर ठेवू नका; सिलिंडर थंड पडतो आणि कोळसा तेव्हाच जमतो. थांबण्याआधी शेवटचे तीन-चार किलोमीटर किंवा पाच मिनिटे डिझेल. हे विसरून बंद केले तर इंजिन गरम आहे तोवर पुन्हा सुरू करून डिझेल फिरवा. अॅव्हरेज पाच ते आठ टक्के कमी मिळेल, कारण लिटरमागे तेलात ऊर्जाच कमी आहे.

बदलल्यावर पांढरा धूर आला तर तेल थंड आहे. चढावर, भारात दम तुटला तर फिल्टर बघा. थंडीत बहुतेक वेळा त्यात थिजलेले पामतेलच असते. थंड इंजिन एका सिलिंडरने चुकत असेल तर नोझल काढून डिझेल पंप दुरुस्तीच्या लॅबमध्ये फवारा तपासा, प्रेशर कंपनीने दिले तेवढेच लावा.

सगळ्यात घातक खूण डिपस्टिकवर दिसते. इंजिन ऑइलची पातळी वाढली म्हणजे न जळलेले तेल रिंगांमधून खाली उतरते आहे. ते इंजिन ऑइलमध्ये घट्ट होत जाते आणि शेवटी चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उघडल्यावर ग्रीससारखा गोळा निघतो. तोवर बेअरिंग गेलेले असते. पातळी वाढलेली दिसली की त्याच दिवशी ऑइल बदला आणि कारण सापडेपर्यंत फक्त डिझेल. एरवीही ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतराला बदला.

तेलाने माखलेली कापडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. करडई-सूर्यफुलाच्या तेलाची कापडे हवेशी क्रिया होऊन आपोआप तापतात आणि इथल्या उन्हाळ्यात पेटूही शकतात. दोरीवर सुटी वाळवा किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. ड्रमच्या बुडाचा गाळ गटारात नको आणि मिठामुळे शेतातही नको. लाकडाच्या भुशात कालवून ओळखीच्या वीटभट्टीवाल्याला द्या.