43 टक्क्यांवर अडणारी कॉपी: हार्ड डिस्क तपासण्याचा माझा अनुभव

विंडोज 10 वर डी ड्राइव्हमधील फोटो कॉपी करताना हिरवी पट्टी दर वेळी 43 टक्क्यांवर थांबे आणि ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ ही (डिस्कवरचा डेटा नीट वाचता न आल्याची) त्रुटी येई. केबल बदलली, प्रॉपर्टीजमधील ‘चेक’ बटणाने सगळे ठीक असल्याचे सांगितले, कारण ते खराब सेक्टर (डिस्कवरचे बिघडलेले छोटे भाग) शोधत नाही. दोन रविवार त्यातच गेले.

अखेर उघडणाऱ्या फाइल्स आधी पेनड्राइव्हवर घेतल्या (ही पायरी गाळू नये), कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडला, ‘सीएचकेडीएसके’ (chkdsk, डिस्क तपासण्याची आज्ञा) ही सहा इंग्रजी अक्षरे, एक स्पेस, डी आणि कोलन, पुन्हा स्पेस, मग तिरकी रेघ (/) व आर असे टाइप करून एंटर दाबले आणि डिसमाउंटच्या (ड्राइव्ह तात्पुरता वापरातून काढण्याच्या) प्रश्नाला वाय उत्तर दिले. आर (खराब सेक्टर शोधणारा) दिल्यावर एफ (चुका दुरुस्त करणारा) वेगळा द्यावा लागत नाही. तपासणीला रात्र लागली. सकाळी ‘बॅड सेक्टर्स’च्या ओळीत 64 केबी दिसले आणि फोल्डर पूर्ण कॉपी झाला, दोन फोटो मात्र अर्धे करडे उघडतात. नवी डिस्क मागवली आहे.